कागदाचे साठ, फाइलचे दीडशे

यारंबिलमध्ये पाण्याच्या वाट्यावरून भांडणं झाली, कुंपणांवरून झाली, एकदा तर फूटबॉलच्या पंचाला लोकांनी त्याच्याच गाडीत तासभर कोंडून ठेवलं. पण ग्लेनिस मकॅलमच्या दुकानातल्या दरपत्रकावर गावाने जेवढं तोंड चालवलं तेवढं दुसऱ्या कशावर चालवलं नसेल. साधी पुठ्ठ्याची पाटी होती, तिच्याच वळणदार अक्षरातली. फोटोला बसण्याचे चाळीस डॉलर. लहान प्रिंट पस्तीस. मोठी प्रिंट साठ. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती म्हणून दाटीवाटीने: कॉम्प्युटरमधली फाइल, एका फोटोची, दीडशे.

लोक त्या शेवटच्या ओळीपाशी येऊन अडायचे.

"कागद नाही, शाई नाही, फ्रेम नाही, आणि दीडशे?" चार हजार एकर गहू करणारा कॉलिन एकदा काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला. "हवा विकतेस होय गं ग्लेनिस? माझ्याकडे पोतंभर पडलीय, घेतेस?"

"तुझ्या बायकोने सांगितलंय मला, किती आहे ते," ग्लेनिस म्हणाली. "बरं, मला एक सांग. दळलेलं पीठ आणि पेरायचं बियाणं तू एका दराने देशील?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? प्रिंट म्हणजे पीठ. नेलं, खाल्लं, संपलं, पुन्हा लागलं की पुन्हा माझ्याकडे. फाइल म्हणजे बियाणं. ती एकदा तुझ्या हातात पडली की तू पेर, सासूला दे, मेव्हण्याला दे. माझं दुकान तिथे संपलं. मग बियाण्याचे पैसे नको घेऊ?"

कॉलिनने टोपी सारखी केली आणि एक मोठी प्रिंट सांगून गेला. बियाण्याचा हिशेब न कळणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला आलेला नाही. म्हणून तर मला राग येतो. पुढे जे झालं ते कुणाला कळलं नाही म्हणून झालं, असं निदान माझ्यासमोर तरी कुणी म्हणू नये.

मी मॉरीन. ग्लेनिसच्या दुकानाला लागून औषधांचं दुकान आहे, तिथे सव्वीस वर्षं मी काउंटरला होते. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे ती एखाद्या पोरीवर ओरडली तर इकडे माझं गिऱ्हाईक दचकायचं. "हनुवटी खाली! अजून खाली! आता खांदे विसर. सांगितलं ना, विसर!" तिचा आवाज ऐकून वाटावं की आत दात उपटणं चाललंय. आणि फोटो बघावा तर पोर अशी शांत बसलेली, जणू घरात एकटीच आहे.

फोटोग्राफी ती कुठे शिकली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा नवरा रॉस धान्याच्या कोठारावर कामाला होता, आणि हंगामात त्याचं तोंडही दिसायचं नाही. कंटाळून तिने घरामागच्या धुण्याच्या खोलीत खिडकीला काळं कापड ठोकलं आणि पुस्तकात बघून फोटो धुवायला लागली. पहिल्या वर्षी गावातली सगळी बाळं तिने करडी काढली, असं तीच सांगायची. मग हात बसला. बाळं, शाळा, जिंकलेले फूटबॉल संघ, लग्नाला पन्नास वर्षं झालेली म्हातारी जोडपी. यारंबिलच्या कुठल्याही घरात शिरा, बोळातल्या भिंतीवर ग्लेनिस टांगलेली असायचीच. रॉस पन्नाशीत गेला, हृदय बंद पडून. तिने दोन आठवडे दुकान बंद ठेवलं आणि तिसऱ्या आठवड्यात उघडलं, कारण डेबच्या पोरींचे फोटो राहिले होते.

डेब हा आमच्याकडचा वर्षाचा मोठा सण. सोळा-सतराच्या पोरी पांढरा पायघोळ झगा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून, जोडीदार पोराचा हात धरून हॉलमध्ये येतात, पाहुण्यापुढे गुडघ्यात लवतात आणि तीन महिने घोटलेले नाच करून दाखवतात. शहरातले हसतात आम्हाला. हसू देत. ज्या पोरीने बाहुलीसुद्धा कधी सजवली नाही, मेंढ्या हाकण्यात बाही फाडून घेतली, ती त्या दिवशी अशी चालते की बापाला रुमाल शोधावा लागतो. या नाचाच्या रात्रीच्या, म्हणजे बॉलच्या आधी प्रत्येक पोर ग्लेनिसकडे फोटोला बसायची.

तिची एक युक्ती होती. पोर हसत नाही ती आईमुळे, असं तिचं ठाम मत. त्यामुळे दोन मिनिटं झाली की ती आईला म्हणायची, "अगं, चहाचं दूध संपलंय. जातेस पटकन?" आई दुकानात जायची आणि तेवढ्यात फोटो व्हायचा. डेबच्या दिवसांत ग्लेनिसच्या फ्रीजमध्ये दुधाच्या सात-आठ बाटल्या असायच्या. त्यातल्या निम्म्या संध्याकाळी माझ्या घरी यायच्या. त्या दिवसांत आम्ही खीर खाऊन खाऊन वैतागायचो.

बसण्याचे पैसे तिने मुद्दाम कमी ठेवले होते. चाळीस डॉलर कुणालाही जमतात, कुठलीच पोर मागे राहायला नको. कमाई सगळी प्रिंटांवर. ज्यांची ऐपत होती ते आजी-आजोबांसाठी, काका-मावश्यांसाठी दहा-दहा घ्यायचे, आणि त्यावर दुकान वर्षभर उभं राहायचं. ज्यांची नव्हती ते एक घ्यायचे. आणि ज्यांची तीही नव्हती त्यांचं मी सांगते, कारण त्यांतली एक मी आहे. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी माझ्या लेकीचा, शेरिलचा डेब झाला तेव्हा आम्ही मेंढ्या गोळ्या घालून पुरत होतो. ऑर्डरचा कागद मी कोराच ठेवला. महिन्याने तपकिरी कागदात बांधलेली मोठी प्रिंट दारात आली, वर लिहिलेलं: "चुकून एक जास्त निघाली." प्रिंट चुकून निघत नसते. मी सव्वीस वर्षं शेजारी होते, मला माहीत आहे.

आता लॉरेल. लॉरेल बाउडनला वगळून यारंबिलची कुठलीच गोष्ट सांगता येत नाही, तिलाही ते माहीत आहे. हॉलच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये, डेब समितीची अध्यक्ष ती, पोरींना वॉल्ट्झचा नाच शिकवणार ती, कुणी गेलं की सँडविचची यादी करणार ती. ती आणि ग्लेनिस एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. रॉस गेला त्या पहाटे दवाखान्यात ग्लेनिसचा हात धरून बसली होती ती लॉरेलच. हे मी विसरत नाही. लॉरेल वाईट बाई असती तर सगळं किती सोपं झालं असतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉलचं छप्पर गळायला लागलं होतं. सरकारकडे अर्ज गेला आणि गोड शब्दांत परत आला. पोरी नाच शिकायच्या तेव्हा तिसऱ्या जोडीने बादलीला वळसा घालायचा, हे नाचातच बसवलेलं होतं. लॉरेलने छपरासाठी केक विकले, लॉटरीची तिकिटं विकली, घोड्याची लीदसुद्धा पोत्यात भरून विकली.

एप्रिलच्या एका दुपारी मी डबा घेऊन ग्लेनिसकडे जेवायला बसले होते, तेव्हा लॉरेल आत आली.

"ग्लेनिस, राणी माझी, एक काम आहे. या वर्षी जोडी आत येताना मागच्या पडद्यावर तिचा मोठा फोटो लावायचा. हॉर्शमला करतात तसा. तुझ्या फाइली दे ना."

"देते की. छोट्या देते, नाव टाकून."

"छोट्या फाइली पडद्यावर फुटतात गं, पडदेवाला म्हणाला. आणि तुझं नाव आडवं येणार पोरींच्या गळ्यावर. ग्लेनिस मकॅलम, ग्लेनिस मकॅलम, एकोणीस वेळा. पोरी तुझ्या पोटच्या वाटतील लोकांना."

ग्लेनिस हसली. पण काटा खाली ठेवला. "मोठ्या, बिननावाच्या मी कुणाला देत नाही, लॉरेल. तुला माहीत आहे."

"मी कुणीतरी आहे का?"

"नाहीस. पण दोन ओळी लिहून देशील? फक्त पडद्यासाठी म्हणून."

लॉरेलने छातीवर हात ठेवला. "काय गं, माझ्याकडून लिहून घेणार? तुझ्या रॉसच्या दफनाच्या दिवशी..." ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "मॉरीन, ऐक, तू साक्षीला. फक्त पडद्यासाठी. बॉल संपला की पुसून टाकीन. झालं?"

"झालं," मी तोंडात घास असताना म्हणाले.

आमच्याकडे हॉलला कुणी नाही म्हणत नाही. आणि हॉलच्या कामासाठी कुणी कागदावर सही मागत नाही. धान्याचे व्यवहार वकिलाकडून होतात, जमिनीचे होतात, सख्ख्या भावांमध्ये होतात. पण हॉलसाठी बशीभर सँडविच आणा म्हटलं की आणायची, उरलेली कुणी नेली ते विचारायचं नाही. ग्लेनिसने लिहून मागितलं याचीच तिला लाज वाटली, मी बघितलं. तिने एकोणीस पोरींच्या सगळ्या फाइली, प्रत्येकीच्या दहा-बारा, लॉरेलच्या हातात दिल्या. वर फ्रीजमधलं दूधही दिलं.

बॉलच्या संध्याकाळी ग्लेनिस नेहमीसारखी लवकर आली. हॉलच्या दारातल्या जागेत तिचा फळा लागायचा, सगळ्या पोरींच्या प्रिंटा, खाली नंबर, आणि टेबलावर ऑर्डरचे कागद आणि दोरी बांधलेली पेन्सिल. लोक कोट काढतानाच तिथे घोटाळायचे, आज्या चष्मा लावायच्या, कागद भरले जायचे.

तिच्या टेबलाशेजारी त्या दिवशी आणखी एक टेबल होतं. पांढरं कापड, फुलदाणी आणि टोपलीत पेन ड्राइव्ह. प्रत्येकाला पांढरी रिबन बांधलेली. पाटी: "तुमच्या लेकीचे सगळे फोटो. तीस डॉलर. सर्व रक्कम छपरासाठी."

मी टेगनचा, त्या वर्षी डेबला असलेल्या माझ्या नातीचा, कोट टांगत होते. ग्लेनिस ती पाटी वाचताना मला दिसली. तिने ती दोनदा वाचली असावी.

"लॉरेल," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"अगं, ऐनवेळी सुचलं!" लॉरेल निळ्या झग्यात, केस फुगवलेले, घामाने चमकत होती. "समितीत सगळ्यांना आवडलं. आतापर्यंत अकरा गेले, अजून दारं उघडली पण नाहीत."

"पडद्यासाठी म्हणाली होतीस."

"पडद्यावर पण लावतोय की."

"पुसून टाकणार होतीस."

"ग्लेनिस, असं काय करतेस? तुझं कमी काय झालं? तुझ्या कॉम्प्युटरवर आहेत ना सगळे? एक तरी फोटो उडाला का?"

मी ग्लेनिसला कधी शब्द शोधताना बघितलं नव्हतं. "आता माझ्याकडून काय घेतील लोक?" एवढंच ती म्हणाली.

"फ्रेमा घेतील!" लॉरेल म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं. मग लोक यायला लागले आणि तिने आवाज खाली घेतला. "छपरासाठी आहे, राणी. तू छपराच्या विरुद्ध आहेस का?"

छपराच्या विरुद्ध कोण असणार? ग्लेनिस आपल्या टेबलामागे जाऊन उभी राहिली. रात्रभर उभी होती, हसून सगळ्या पोरींना "छान दिसतेस" म्हणत. लोक फळ्यापाशी थांबायचे, "कसली सुंदर आलीय बघ," म्हणायचे, आणि दोन पावलं पुढे जाऊन पाकीट काढायचे. काहींनी तिच्याच पेन्सिलीने लॉरेलच्या यादीत नाव लिहिलं. ऑर्डरचे कागद त्या वर्षी दोन भरले. एक शुल्त्सबाईंचा, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. दुसरा एका आजोबांचा, ज्यांना वाटलं हे टेबलही छपराचंच.

आणि मी? मीही एक पेन ड्राइव्ह घेतला. ग्लेनिस कुणाशी तरी बोलत होती, पाठ माझ्याकडे होती, तेव्हा घेतला. दहा फोटो प्रिंट करून घ्यायचे म्हणजे किती झाले असते, हा हिशेब मी मनात केला होता आणि तीस डॉलर दिले. शेरिलची ती तपकिरी कागदातली प्रिंट तेव्हा माझ्या दिवाणखान्यात टांगलेली होती. विसरले नव्हते. आठवण असूनही घेतला.

पुढचा आठवडा माझ्या कामाचा होता. आमच्या दुकानात कोपऱ्यात फोटो काढून देणारं मशीन होतं, पेन ड्राइव्ह खुपसायचा, बोटाने निवडायचं, एका फोटोचे चाळीस सेंट. एरवी त्यावर धूळ असायची. त्या आठवड्यात आयांची रांग लागली. "मॉरीन, हे कसं मोठं करायचं?" "मॉरीन, हिचा कान कापला जातोय." मी कागदाची रिळं बदलत होते, पिशव्या भरत होते, आणि भिंतीपलीकडे चिडीचूप होतं. कुणावर ओरडणं नाही, काही नाही.

शुक्रवारी ग्लेनिस तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आली. मशीनच्या ट्रेमध्ये प्रिंटा पडत होत्या. मी पुढे होऊन त्या पालथ्या केल्या. मूर्खपणा. पालथं केलेलं बघायलाच माणूस हात घालतो. तिने वरची उचलली.

"टेगन," ती म्हणाली. "हिची हनुवटी तीनदा खाली घ्यावी लागली. तू दूध आणायला गेली होतीस."

मी उरलेल्या प्रिंटा पिशवीत भरायला लागले.

"तीस दिलेस?"

"हो."

"छपरासाठी."

"छपरासाठी," मी म्हणाले.

"गळत तर होतंच गं," ती म्हणाली. मग तिने ती प्रिंट खिडकीपाशी उजेडात धरली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय केलंय पोरींचं? भाजल्यासारख्या दिसताहेत. याचा लाल कुठे कमी होतो?" तिने मशीनचं झाकण उघडलं, पडद्यावर सेटिंगचं कसलं तरी पान उघडलं, बटणं दाबली, चार कोरे कागद वाया घालवले, आणि पाचव्यावर टेगनचा चेहरा टेगनसारखा आला. "आता काढ," म्हणाली. गोळ्या घेतल्या, पैसे दिले आणि गेली. तिचं काम तिच्याच नावाशिवाय चाळीस सेंटांना निघत होतं, आणि तिला तेही वाईट निघालेलं बघवलं नाही. त्या दिवशी ती माझ्यावर ओरडली असती तर मी सुटले असते.

सप्टेंबरात नवं छप्पर झालं. हिरव्या पत्र्याचं, देखणं. रविवारी चहा ठेवला होता, सगळं गाव आलं, टेबलावर खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंगटन केक आणि अंड्याची सँडविच, कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं मोठं पिंप. ग्लेनिसने येऊ नये असं मला वाटत होतं. ती आली. रिकाम्या हाताने आली, हे बायकांनी टिपलं. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी येत नाही.

भिंतीवर पितळी पाटी होती, वर पडदा. लॉरेलने दोरी ओढली. छपराला मदत करणाऱ्यांची नावं, मोठ्या देणगीदारांपासून. माझ्या दुकानमालकाचं, कॉलिनचं, बँकेचं. आणि सगळ्यात वर ग्लेनिस मकॅलम.

"कारण," लॉरेल म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर भरून आला, "या छपराचे सगळ्यात जास्त पैसे कशातून आले असतील तर ग्लेनिसच्या फोटोंमधून. तिने आपलं काम हॉलला दिलं. एक शब्द न बोलता दिलं. ग्लेनिस, उभी राहा बघू!"

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, तेच वाईट. लोकांना इतकं हलकं वाटलं होतं. पेन ड्राइव्ह घेतल्यापासून जे काही मनाला टोचत होतं त्याला आता नाव मिळालं, देणगी. मीही टाळ्या वाजवल्या.

ग्लेनिस उभी राहिली. टाळ्या संपेपर्यंत थांबली.

"मी दिलं नाही," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं, विनय समजून.

"मी दिलं नाही. लॉरेलने पडद्यासाठी म्हणून नेलं. बॉल झाल्यावर पुसून टाकीन म्हणाली, आणि विकलं. छप्पर व्हायला हवं होतं, झालं, बरं झालं. माझ्याकडे मागितलं असतं तर मी काय जमेल ते दिलं असतं. पण मी दिलेलं नाही, आणि मी दिलं असं तिथे लिहायचं नाही. माझं नाव काढा."

लॉरेलचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "ग्लेनिस, तुझा काहीतरी गैरसमज झालाय, राणी. आपलं असं काही बोलणं झालं नव्हतं. हॉलसाठी, एवढंच मी म्हणाले होते."

"पडद्यासाठी म्हणालीस. मॉरीन तिथे होती." ग्लेनिस माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. वेळ काय झाली असं विचारावं तसं तिने विचारलं. "मॉरीन, काय म्हणाली होती गं लॉरेल?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या मागे टेगन सँडविचचा ट्रे घेऊन उभी होती. माझा दुकानमालक दोन खुर्च्या सोडून, त्याचं नाव पाटीवर दुसरं. कॉलिन, त्याची बायको, त्या सगळ्या आया ज्यांना मी स्वतःच्या हाताने पिशव्या भरून दिल्या. आणि लॉरेल माझ्याकडे बघून किंचित हसत होती, खात्रीने, जसं आपल्या माणसाकडे बघतात. मला अक्षर न् अक्षर आठवत होतं. मी भ्याले. दुसरं काही कारण नाही, उगाच शोधण्यात अर्थ नाही.

"मी जेवत होते," मी म्हणाले. "मला नीटसं आठवत नाही."

हॉलमध्ये सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. मग कपबशा वाजायला लागल्या, कुणीतरी पावसाचं काढलं. ग्लेनिसने खुर्चीवरचा कोट उचलला, घडी घालून हातावर घेतला आणि माणसांमधून वाट काढत गेली. कुणी तिला अडवलं नाही, वाट मात्र सगळ्यांनी दिली. लॉरेलने माझा चहा स्वतः आणून दिला, दोन चमचे साखर घातलेला.

पाटीवरचं नाव कुणी काढलं नाही. पितळ खरवडायचं म्हणजे सगळीच पाटी पुन्हा करावी लागली असती.

पुढच्या वर्षीचे डेबचे फोटो लॉरेलच्या भाच्याने काढले, सगळ्या फाइली मिळून पन्नास डॉलर. पोरी बऱ्या दिसतात त्यात, सगळ्या एकसारख्या. ग्लेनिसने मार्चमध्येच दुकान आवरायला घेतलं होतं. वॉर्नम्बूलला तिची बहीण राहते, समुद्राजवळ, तिकडे जायचं ठरलं होतं. भिंतीपलीकडून खोकी सरकवल्याचे आवाज चार दिवस येत राहिले, आणि चार दिवस मी गोळ्या मोजत बसले. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले.

ती जमिनीवर बसून जुन्या निगेटिव्हच्या पेट्या बांधत होती. वर्षं लिहिलेली, एकोणऐंशीपासूनची. दरपत्रकाची पाटी कचऱ्याच्या पिशवीत होती. मी दारातच उभी राहिले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, रस्ता म्हणजे सात पावलं, तरी विसरले.

"ग्लेनिस, मला आठवत होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी. सगळं आठवत होतं."

तिने मान वर केली नाही. चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं, ती नखाने खरवडत होती.

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "म्हणून तर तुझं नाव घेतलं. मला वाटलं, त्या हॉलमध्ये एक माणूस तरी खोटं बोलणार नाही."

मला वाटलं ती आणखी काही म्हणेल. तिला टोक सापडलं.

"ही बाजू दाबून धर जरा," ती म्हणाली, "सारखी उघडतेय."

मी खाली बसले आणि दाबून धरली.